कौसरबीच्या पिशवीतली अमानत

रोहिणखेडची कौसरबी संग्रहालयं बघत फिरते हे गावात पसरलं तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं, नवरा गेल्यापासून बाईचं डोकं ठिकाणावर नाही. उरलेल्या निम्म्यांना संग्रहालय म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी मत दिलं नाही. एरवी मत द्यायला आमची माणसं कधी मागं राहत नाहीत.

बाई पन्नाशी ओलांडलेली, काटक, तोंडानं फटकळ. जातीची पिंजारी, गाद्या भरायचा धंदा. सासऱ्याच्या वेळी कमानीवर कापूस पिंजत, तिच्या वेळी मशीन आली, पण दाभण आणि टाका शेवटपर्यंत हातचाच. लग्नसराई आली की मोताळ्याच्या आसपासच्या खेड्यांतून तिला बोलावणी यायची. बीटी आल्यापासून तिची एक तक्रार कायम होती. म्हणायची, "हा कापूस कपड्याले चांगला असंन, गादीले नाही. जुना देशी कापूस दाबला की उसळून वर यायचा. हा एकदा बसला की बसला, हापिसातल्या सायबावानी."

तिचा नवरा अजहर मेटॅडोर चालवायचा. कापसाच्या दिवसांत चिखलीकडच्या खेड्यांतून कापूस भरून मलकापूरच्या जिनिंगला टाकायचा, आणि कापूस संपला की मिळेल तो माल न्यायचा. विटा, भंगार, लग्नाचं वऱ्हाड, काहीही. माणूस कमी बोलायचा. बायकोच दोघांच्या वाटचं बोलायची, त्यामुळं घरात शांतता अशी कधी नव्हती. दोन हजार बारा सालच्या दिवाळीच्या तोंडावर त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, आणि जे काही थोडं बोलायचा तेही गेलं.

त्यानंतर दोन वर्षं तो खाटेवर होता. खाटेसमोर त्याची पत्र्याची पेटी होती, गाडीच्या सामानाची. त्या पेटीकडं तो डाव्या हातानं दाखवायचा आणि घशातून आवाज काढायचा. कौसरबी एकेक वस्तू वर काढून दाखवायची. पाना, जॅकची दांडी, ताडपत्रीची दोरी. तो मान हलवून नाही म्हणायचा. एक दिवस पेटीच्या तळातून, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, एक लोखंडी वस्तू निघाली. ती बघून अजहरनं डोळे मिटले आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यानं हात उचलून दाराकडं दाखवलं.

"कोणाले द्यायची हाय काय?" कौसरबीनं विचारलं.

त्यानं मान हलवली. हो.

"कोणाले?"

इथं गाडं अडलं. लिहिता त्याला येत नव्हतं. कौसरबीनं तिला माहीत होती तेवढी नावं घेतली. नातेवाईक, शेजारी, पेट्रोल पंपावरची पोरं, जिनिंगचे हमाल. तो नाही नाही म्हणत राहिला. गाडीवाल्याची ओळख शंभर गावांत, बायकोला त्यातली दहा माहीत. रोज सकाळी तो त्या वस्तूकडं बघायचा, मग दाराकडं, मग बायकोकडं. एक दिवस तो गेला आणि ती वस्तू तिथंच राहिली.

अमानत म्हणजे दुसऱ्यानं विश्वासानं तुमच्या हाती ठेवलेली चीज. ती परत करायच्या आधी माणूस मेला तर ती घरच्यांनी पोचवायची असते. त्यातून सुटका नसते. नवरा गेल्यावर कौसरबी चार महिने दहा दिवस इद्दतीत घरात बसली, तेव्हा तिच्या डोक्यात रडण्याच्या आधी हेच होतं. नवऱ्याचं एक काम राहिलंय, आणि ते कोणाचं आहे ते माहीत नाही.

आता ती वस्तू कशी होती ते सांगतो. वीतभर रुंदीची लोखंडाची चकती. मधोमध खिळा, आणि खिळ्यावर बसवलेली लोखंडी दांडी, तिला धरायला लाकडी मूठ. मूठ धरून जमिनीवर चालवली की चकती गरगर फिरायची. चकतीच्या कडेला एके ठिकाणी छोटी खाच पाडलेली. बाकी काही नाही. दाते नाहीत, धार नाही, नाव नाही.

अजहर ड्रायव्हर, म्हणून सगळ्यांनी धरून चाललं की हा मोटारीचा पार्ट. कौसरबीनं तो मोताळ्याच्या दोन मेकॅनिकांना दाखवला. पहिला म्हणाला जुन्या जीपचा असेल, दुसरा म्हणाला जीपचा असूच शकत नाही, पहिल्याला काही कळत नाही. गावात खिडक्यांच्या जाळ्या जोडणारा एक पोरगा होता, तो म्हणाला, "खाला, वजन करू काय? भंगाराचा भाव चांगला हाय." त्याला तिनं जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या गोजरबाईनं वस्तू हातात घेऊन चारदा फिरवली आणि छातीठोकपणे सांगितलं, "हे करंजी कातायचं हाय." कौसरबी म्हणाली, "एवढी करंजी कोण खाईन, माय? बैल?"

एकदा तर तिच्या हातून चूकच झाली. गादीवर टाक्याच्या सरळ रेघा मारायच्या होत्या, खडू हाताशी होता, आणि ही चकती समोर पडलेली. तिनं कडेला खडू घासला आणि गादीवर चालवली. रेघ अशी सुरेख उमटली की तिनं अख्खी गादी आखून काढली. मग एकदम आठवलं, अमानतीची चीज वापरली. म्हणजे खयानत, विश्वासघात. तिनं पुढचे दोन दिवस रोजे धरले आणि ती चकती कापडात बांधून पिशवीत घातली. तेव्हापासून ती पिशवी तिच्या खांद्याला.

संग्रहालयांचं वेड लागलं ते नागपुरात. भाचीच्या लग्नाला गेली होती, तिथं पाहुण्यांनी बायकांना अजब बंगला दाखवायला नेलं. बाकीच्या बायका पेंढा भरलेले वाघ बघत पुढं गेल्या. कौसरबी एका काचेच्या पेटीपाशी उभी राहिली ती राहिलीच. आत जुनीपानी हत्यारं होती, आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी. ह्याचं नाव हे, हे अमक्या कामाचं, अमक्या लोकांचं.

"म्हणजे," तिनं तिथल्या रखवालदाराला विचारलं, "हे असं घर हाय का, जिथं चीजेच्या बाजूले तिचं नाव लिहून ठेवतात?"

"हो."

"अन् अशी घरं आणखी कुठं हायेत?"

रखवालदारानं तिच्याकडं जरा बघितलं आणि सांगितलं, बाई, गावोगावी आहेत, कोणी शाळेत मांडतं, कोणी घरात. कौसरबी लग्नाचं जेवण अर्ध्यावर टाकून परतली नाही एवढंच. तिचा हिशोब सरळ होता. वस्तूचं नाव कळलं की काम कळेल, काम कळलं की माणूस कळेल.

पावसाळ्यात गाद्यांचं काम बंद असतं. तिनं पावसाळे धरले. एसटीनं जायचं, संध्याकाळच्या आत परत यायचं. एका गावी शाळेतल्या मास्तरांनी एक खोली भरवली होती, जाती, उखळं, मापटी. एका देवस्थानात तोफेचे गोळे आणि पालखी. बुलढाण्यात एसटीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थानं घराच्या पुढच्या खोलीत जुनी तिकिटं, तिकीट पंच करायचे चिमटे, भोंगे आणि खाकी टोप्या मांडल्या होत्या. तिथं ती तीन वेळा गेली, कारण तिसऱ्यांदा तिला भोंगा वाजवायला मिळाला.

पहिल्या पहिल्यांदा आत शिरताच ती विचारायची, "लोखंडाचं सामान कोठीसा हाय?" आणि सरळ तिकडं जायची. पण डोळे काही बांधून ठेवता येत नाहीत. हळूहळू तिचे प्रश्न वाढायला लागले, आणि ते प्रश्न असे की मांडणाऱ्याला घाम फुटावा. एका ठिकाणी डाकवाल्याची घुंगरं लावलेली काठी होती. डाक घेऊन रानातून पळताना तो ती वाजवत जायचा. कौसरबीनं विचारलं, "अन् त्याले तहान लागली म्हणजे? एका हातात काठी, पाठीवर पोतं, पाणी कशानं प्यायचा?" मांडणाऱ्यानं आयुष्यात हा विचार केला नव्हता. पालखीपाशी तिनं विचारलं, भोई चौघंही सारख्या उंचीचे कुठून आणायचे. टांग्यापाशी विचारलं, पावसात घोडा भिजायचा की टप त्याच्यावरही यायचा. उत्तर आलं तर बाई खूश. नाही आलं तर आणखी खूश, कारण मग ती आणि तो माणूस मिळून अंदाज लावत बसायचे. सांगायला लाज कसली, नवऱ्याच्या आजारानंतर तिला इतकी मजा कशातच आली नव्हती. मग घरी येताना मन खायचं. आपण गेलो कशाला आणि रमलो कशात. पिशवीतली वस्तू तशीच असायची.

मुलगा आसिम मोताळ्याच्या एका कृषी केंद्रात कामाला होता. दोन हजार सतरा साली बोंडअळीनं सगळी पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, आतून पोखरली. बोंड वरून साजरं आणि फोडलं की आत गुलाबी अळी. लोक दुकानात येऊन बियाण्याची रिकामी पाकिटं काउंटरवर फेकायचे. पाकिटावर कंपनीचं नाव, पण समोर उभा आसिम, त्यामुळं बोलणी आसिमनं खायची. अशाच एका दिवशी तो घरी आला आणि पावसाळा सरला तरी आई एसटीच्या वेळा विचारायला लागली. तो वैतागला.

"अम्मी, बस झालं आता. लोक मले इचारतात, तुही माय पिशवी घेऊन कुठं फिरते. तीन साल झाले. अब्बांनी कोणाचं काय घेतलं होतं कोणाले ठावं. ज्याचं होतं त्याले गरज असती तर तो आला नसता काय?"

"तो आला नाही म्हणून ते आपलं होते काय?" कौसरबी म्हणाली.

"तसं नाही म्हणून राह्यलो म्या. अब्बा गेले. आता सोड."

"ते गेले म्हणूनच तर. ते असते तर म्या कायले फिरली असती? तुह्या बापानं दोन वर्षं माह्याकडं पाहून एकच गोष्ट मागतली. जेवाले नाही मागतलं, दवा नाही मागतली. ते मले देता नाही आलं." एवढं बोलून ती गप्प झाली. ती गप्प झाली की घरात सगळे घाबरायचे, कारण तसं फार वेळा होत नसे. आसिमनं मुकाट्यानं चिखलीकडं जाणाऱ्या गाडीची वेळ सांगितली.

जायचं होतं अमडापूरला. तिथं पंजाबराव नावाच्या निवृत्त शिक्षकांनी घरच्या गोठ्यात जुन्या वाहनांचं संग्रहालय काढलंय, अशी बातमी तिला बुलढाण्याच्या भोंगेवाल्यानं दिली होती.

गोठा लांबलचक. एका भिंतीला बैलांच्या गव्हाणी अजून तशाच, आणि त्यांच्यासमोर ओळीनं उभ्या गाड्या. ओझ्याची बंडी, माणसांची दमणी, एक मोडका टांगा, सायकली, आणि शेवटी एक लुना, जिच्यावर पंजाबरावांनी स्वतः तीस वर्षं शाळा गाठली होती.

"गुरुजी, गोठ्यात बैल नाहीत?" कौसरबीनं पहिला प्रश्न टाकला.

"बैल असते तर संग्रहालय कुठं काढलं असतं, ताई?" पंजाबराव म्हणाले. उंच, किडकिडीत, बोलायला भुकेलेले. "बीटी आली. सुरुवातीले पिकली हो, नाही म्हणत नाही. मग सगळ्यांनी वावरभर पऱ्हाटीच लावली. ज्वारी गेली. ज्वारी गेली म्हणजे कडबा गेला. कडबा नाही तर बैलानं खावं काय? बैल गेले, अन् बंड्या उभ्या राह्यल्या. लोक जाळून राह्यले होते सरपणाले, म्हणून म्या गोळा केल्या."

पंजाबरावांच्या चिठ्ठ्या कौसरबीला फार आवडल्या. बऱ्याच वस्तूंखाली त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'माहीत नाही.' इतका खरा माणूस तिला कुठल्याच संग्रहालयात भेटला नव्हता. तिनं पिशवीतली चकती काढून दाखवली. पंजाबरावांनी चष्मा लावून, काढून, उजेडात नेऊन बघितली.

"माहीत नाही," ते म्हणाले.

कौसरबीला याची सवय झाली होती. तिनं चकती पिशवीत ठेवली आणि आता आलोच आहोत तर बघून घेऊ म्हणून बंडीपाशी गेली. चाकाला हात लावला. लाकडाचं चाक आणि त्याच्यावर कडेनं चढवलेली लोखंडाची पट्टी. बोट फिरवून बघितलं. सांध्यात नख जाईना.

"ही लोखंडी पट्टी एवढी गच्च कशी बसली, गुरुजी? खिळा तर दिसत नाही."

"तिले धाव म्हणतात. लोहार ती चाकापेक्षा जराशी लहान करतो. मग गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची. तापली की वाढते. तशीच उचलून चाकावर चढवायची अन् वरून पाणी. थंडी झाली की आवळते. मग बापजन्मी निघत नाही."

"जराशी लहान," कौसरबी म्हणाली. "आमच्या लोडाच्या खोळीवानी. खोळ बोटभर कमी शिवली तरच कापूस गच्च बसते. जास्ती कमी केली तर उसवते, अन् बरोबर शिवली तर महिन्याभरात ढिली." ती जरा थांबली. "पण लोडाचं माप म्या धाग्यानं घेते, अन् धागा खोटं बोलते. ताणला की वाढते. कपड्यात चालून जाते ते. लोखंडात कसं चालंन? लोखंड तर ओढून बसवता येत नाही."

"धाग्यानं नसंन घेत."

"मग कशानं? चाक गोल. गोलाले पट्टी लावता येत नाही. लोहारानं चाकाचं माप घेतलं कसं?"

पंजाबरावांनी वाकून चाकाच्या कडेला बोट लावलं. लहानपणापासून बंडीत बसलेला माणूस, आणि हे त्यांनी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

कौसरबीचा हात पिशवीत गेला. तिनं चकती काढली, गुरुजींचा खडू मागून घेतला आणि धावेवर एक खूण केली. चकतीवरची खाच त्या खुणेला लावली आणि चाकाच्या कडेनं चकती चालवायला सुरुवात केली. चकती चाकावर अशी चालली जशी त्याच्यासाठीच केलेली. खाच वर आली की ती मोजायची. एक, दोन, तीन. वाकून, पदर सावरत, बाई अख्ख्या चाकाला फेरा घालून खुणेवर परत आली. मग खाली बसून तितकेच फेरे जमिनीवर सरळ चालवले. चाकाचा घेर जमिनीवर सरळ पसरला.

"अन् यातून बोटभर कमी," ती म्हणाली. "गुरुजी, हे लोहाराचं हाय. धाव बसवणाऱ्याचं."

पंजाबरावांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं आणि मग मोठ्यानं हसले. त्यांनी तिला चहा पाजला, आणि कागद घेऊन, अजहरची गाडी जायची त्या चिखली ते मोताळा रस्त्यावर धाव बसवणारे जुने लोहार आठवून लिहिले. चार नावं झाली. त्यातले दोन वारले होते. एकाला त्यांनी फोन लावला, तर तो म्हणाला माझं माप माझ्यापाशीच आहे, गोठ्याच्या आढ्याला टांगलंय. राहिलं चौथं नाव, कारभारी लोहार. चिखलीच्या अलीकडं रस्त्यालगतचं गाव, पंचाहत्तरीचा म्हातारा, भट्टी पाच वर्षांपासून बंद.

"मी येऊ का संगं?" गुरुजींनी विचारलं.

"नको. त्यांनी मले एकटीलेच सांगतलं होतं," कौसरबी म्हणाली. नवऱ्याचं नाव ती घेत नसे.

कारभारी घरासमोर खाटेवर बसून शेंगा फोडत होते. अंग सुकलेलं, पण मनगटं अजून हातोड्याची. कौसरबीनं सलाम करून सांगितलं की मी रोहिणखेडच्या मेटॅडोरवाल्याची बायको, आणि कापड सोडून ती वस्तू समोर धरली. म्हाताऱ्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. वस्तूला त्यांनी हात लावला नाही.

"हे कुठं भेटलं तुले?"

तिनं सगळं सांगितलं. लकवा, पेटी, दाराकडं दाखवणं. "तुमची अमानत हाय, दादा. घ्या हातात. माहं काम झालं."

"अमानत कायची?" कारभारी एकदम चिडले. "म्या हे भंगारात घातलं होतं. ऐरण, हातोडे, सांडश्या, सगळं त्याच्या गाडीत टाकलं अन् म्हटलं मलकापूरले इकून टाक. दोन वर्षं एक धाव बसवली नव्हती म्या. ठेवून काय पूजा करू? त्यानं इकलं, पैसे आणून देले, मिटलं. आता हे तुमचं. घेऊन जाय."

कौसरबी तिथंच ओट्यावर टेकली. विकायला दिलेल्या मालातून आपल्या माणसानं एक वस्तू मागं ठेवली. मग तो रडत होता ते कशापायी? हे परत करायचं नव्हतं, तर काय होतं? तीन वर्षं ती ज्याला अमानत म्हणत आली ती चोरी होती का? हा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिला स्वतःची लाज वाटली. पण तो आलाच.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही मले खरं सांगा. हे गाडीत टाकताना ते काही बोलले होते काय? ते कमी बोलायचे. बोलले असतील तर तुमच्या ध्यानात असंन."

कारभारी खाटेच्या कडेला सरकून बसले.

"बोलला," ते म्हणाले. "बाकी सगळं म्या फेकलं. हे शेवटी होतं. बापाच्या हातचं हाय हे. हातातून सुटेना. त्यानं पाह्यलं. म्हणे, दादा, हे राहू द्या, एवढं ठेवा. मले राग आला. म्या त्याले नाही नाही ते बोललो, जातीवरून बोललो, अन् हे त्याच्या अंगावर फेकलं. तो उचलून गाडीत ठेवून निघून गेला. पैसे द्याले आला तेव्हाही म्या त्याच्याकडं पाह्यलं नाही. तो दारात थोडा वेळ उभा राह्यला होता. म्या तोंड फिरवलं, तसा गेला."

"मग?"

"मग काय. आठ दिवसांनी, दिवाळीच्या तोंडावर, म्या एसटीनं मलकापूरले गेलो. घरी सांगतलं नाही. भंगारवाल्याच्या ढिगात दिवसभर हे हुडकलं. हात फाटले. तो म्हणे, बाबा, तो माल गेला, वितळला. घरी आलो अन् पडून राह्यलो." कारभारींनी हातातली शेंग खाली ठेवली. "तुह्या माणसाले इचारलं असतं तर कळलं असतं. पण कोणत्या तोंडानं इचारू? त्यानं तर ठेवा म्हटलं होतं. तो गेल्याचं समजलं तरी म्या आलो नाही, बाई. पाच वर्षं म्या त्याचं नाव काढू देलं नाही या घरात."

कौसरबी रडायला लागली. नवरा गेला तेव्हा ती इतकी रडली नव्हती. तिला तो दारात उभा राहिलेला दिसत होता, वस्तू गाडीत, आणि समोर तोंड फिरवलेला माणूस. राग उतरला की आणून देऊ, असं म्हणून तो घरी आला असणार, आणि त्याच पंधरवड्यात त्याचं बोलणं गेलं. तीस वर्षं संसार केला त्या माणसाशी, आणि तो असा होता हे तिला एका परक्याच्या ओट्यावर कळलं.

"ते रागावले नव्हते, दादा," ती म्हणाली. "दोन वर्षं खाटेवर पडून ते तुमच्याकडंच यायले निघाले होते. रोज सकाळी."

कारभारींनी दोन्ही हात पुढं केले. शेंगांची टरफलं झटकली, धोतराला तळवे पुसले आणि परत पुढं केले. कौसरबीनं ती चकती त्या हातांत ठेवली. म्हाताऱ्यानं मूठ आवळली.

"पोचलं," ते म्हणाले. "त्याले सांगजो, पोचलं."